मालवणचे मोरे

कवठेहरळ नगरपालिकेच्या मत्स्यालयात मोरे यांना कायम करण्यात आलं. ठराव क्रमांक एकशे बारा, सर्वानुमते मंजूर. माझं नाव रणधीर मोरे आणि मी त्याच मत्स्यालयात कामाला होतो. अभिनंदन करायला उठला असाल तर बसा. असं काही झालेलंच नाही असं धरून चला. मी गेली नऊ वर्षं तसंच धरून चाललोय. एकदा सवय झाली की काही वाटत नाही.

"मोरे ईल म्हणजे?" तांबवेकरअण्णांनी विचारलं.

गुरुवार होता. तांबवेकरअण्णा आमचे हेडक्लार्क. त्यांच्या एका हातात माझी चिठ्ठी होती आणि दुसऱ्या हातात लाल पेन. नगरपालिकेत आलेला कुठलाही कागद ते आधी शुद्ध करायचे, मग वाचायचे, आणि बऱ्याचदा दुसऱ्या कामाला वेळच उरायचा नाही. आठ महिन्यांत मी त्यांना अकरा लांबलचक पत्रं लिहिली होती. म्हणून या वेळी चिठ्ठी लिहिली : 'सोमवारी सकाळी अकरा. मालवणहून मोरे ईल. मीठ, बर्फ, जाड पडदे आवश्यक. प्रकाश सहन होत नाही. ताजे मासे खातो.'

"मोरे ईल म्हणजे मोरे ईल," मी म्हणालो.

"ते कळलं. कवा ईल?"

"सोमवारी."

"मालवणास्नं?"

"हो."

"आरं, मग बोलताना ईल म्हणावं, लिहिताना येईल लिहावं. एमेस्सी ना तू?" त्यांनी लाल पेनानं 'ईल' खोडलं. वर 'येईल' लिहिलं. मग थोडा विचार करून तेही खोडलं आणि 'येतील' लिहिलं. 'खातो'चं 'खातात' केलं. समासात 'मोठ्या माणसाचा एकेरी उल्लेख नको' असा शेरा मारला आणि खाली सही ठोकली.

इथं मी बोलायला हवं होतं. मोरे ईल हा मासा आहे, असं एक वाक्य पुरलं असतं. समुद्रातल्या खडकांच्या कपारीत राहणारा, पाच-साडेपाच फुटांचा, दिसायला अजगरासारखा, पण मासा. पांढुरक्या अंगावर काळ्या ठिपक्यांची अशी नक्षी, की मधाचं पोळं सोलून अंगावर पांघरलंय असं वाटावं. सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा.

"बस," अण्णा म्हणाले.

दोन वर्षांत त्या कचेरीत मला कुणी बस म्हणालं नव्हतं. मी बसलो. चहा आला, तोही कपबशीतून. बशी पाहिल्यावर माझं तोंड आपोआप मिटलं.

"मोरेसाहेब तुझे कोण?"

"तसे कोणी नाहीत."

"म्हणजे हायत," अण्णा खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकले. "पडदे मागतायत, बर्फ मागतायत, उजेड चालत न्हाई. म्हणजे दौरा गुप्त आहे. आणि तू आठ महिने नुसता मीठ-मीठ करत फिरतोयस! आधी सांगायचं न्हाईस व्हय?"

मिठाचंही सांगतो. आमच्या मत्स्यालयात सात टाक्या. सहांत गोड्या पाण्याचे मासे. सातवी सगळ्यात मोठी. तिच्या काचेवर पेंटरनं निळ्या अक्षरांत 'समुद्र' असं लिहून ठेवलेलं. समुद्रात शिडी, दोन खराटे आणि गेल्या निवडणुकीचे फलक होते. माझी नेमणूक त्या समुद्रासाठी झाली होती, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. दुसरा करार सोमवारी संपत होता आणि नगराध्यक्ष मगदूमसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "रिकाम्या टाकीला माणूस कशाला? शिडी सांभाळायला?" समुद्रात काही पोहायला लागलं तर मी राहणार, नाहीतर घरी जाणार. घरी आईनं एक स्थळ धरून ठेवलं होतं. मुलीच्या वडिलांचा एकच प्रश्न होता, "कायम आहेत का?"

तर 'मोरे ईल' साठी जे आठ महिन्यांत मिळालं नव्हतं ते 'मोरे येतील' साठी तीन दिवसांत मिळालं. शुक्रवारी समुद्रातली शिडी निघाली. शनिवारी पंप आला. रविवारी कोल्हापूरहून मत्स्यालयाच्या मिठाची पोती आली. त्याआधी अण्णांनी किराणा दुकानातून आयोडीनवालं मीठ मागवलं होतं, "साहेबांच्या गळ्याला चांगलं" म्हणून. टाकी भरली, मीठ विरघळायला लागलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं. निवळायला सोमवारचे पाच वाजणार होते.

"आणि साहेब उतरणार कुठं?" अण्णांनी विचारलं.

मासा अकराला येणार, टाकी पाचला तयार होणार. मधले सहा तास काढायला मोठं, बंद, अंधारं भांडं हवं होतं.

"टब असलेली खोली मिळेल?" मी विचारलं.

"विश्रामगृहातली एक नंबर," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत आदर मावत नव्हता. "टब म्हणालास तेव्हाच वळखलं. वरच्या पातळीवरचं माणूस आहे."

सोमवारी अकराला टेम्पो विश्रामगृहाच्या मागच्या दारी लागला. बाबीकाका कुबल खाली उतरले. मालवणचे मच्छीमार, माशाशी बोलावं तसंच माणसाशी बोलायचे, म्हणजे ऐकून न घेता.

"खय ठेवचो ह्येका?"

"टबात."

"टबात?" त्यांनी न्हाणीघर पाहिलं, नवे पडदे पाहिले, पलंगावरची धुतलेली चादर पाहिली. "माझ्या लग्नाक पण असली खोली गावली नाय रे."

टेम्पोतल्या पिंपातून आम्ही त्याला टबात घेतला. पिंपातलंच समुद्राचं पाणी ओतलं, हवेचा पंप लावला. मी गुडघ्यावर बसून पाहत राहिलो. पुस्तकातल्या चित्रात मी तो शंभर वेळा पाहिला होता. चित्रात तो असा माझ्याकडे वळून बघत नव्हता. टबाच्या पांढऱ्या शुभ्र कडेवर त्यानं हनुवटी टेकली आणि तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. आतले दात मोजण्याइतके स्पष्ट दिसत होते.

"काका, हा धापा टाकतोय!"

"नाय रे मेल्या. तो असोच तोंड उघडून बसता. तसोच श्वास घेता तो. तोंडाकडे बघू नको. बाजूक पडलो, पोट दिसाक लागला, तर मात्र धाव." त्यांनी हात पुसले. "आणि बोट घालू नको हां. बोटाची पावती गावना नाय."

एवढं सांगून ते टेम्पो घेऊन तासगावला बेदाणे आणायला निघून गेले. परत जाताना गाडी रिकामी न्यायची नाही, हा त्यांचा नियम.

खानसामा हणमंत रजिस्टर घेऊन आला. मी लिहिलं. नाव : मोरे. गाव : मालवण. येण्याचं कारण : बदली. हुद्द्याच्या रकान्यापाशी जरा थांबलो आणि 'सागरी' असं लिहिलं.

"जेवायला काय करू?" हणमंतनं विचारलं.

"मासे. कच्चेच आण, साफ न करता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बंद न्हाणीघराकडे पाहिलं आणि काही न विचारता गेला. सरकारी विश्रामगृहात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कशाचंही आश्चर्य वाटत नाही.

साडेबाराला मगदूमसाहेब आले. मागून अण्णा, त्यांच्या हातात ताट. ताटात शाल, श्रीफळ आणि झेंडूचा हार.

"साहेब?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"आंघोळीला बसलेत," मी म्हणालो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"बसू दे, बसू दे. प्रवासाची दगदग." अध्यक्ष न्हाणीघराच्या दारापाशी गेले आणि सभेत माइकपुढं उभं राहतात तसे उभे राहिले. "नमस्कार साहेब! मी मगदूम. कवठेहरळ नगरीत आपलं स्वागत!"

आतून पाण्याचा मोठा सपकारा आला.

"तापट हायत," अण्णा कुजबुजले.

"काही कमी पडत असंल तर सांगा साहेब," अध्यक्षांचा आवाज जरा खाली आला. "मत्स्यालयाचं म्हणाल तर... थोडी हयगय झाली आमच्याकडनं. सातवी टाकी रिकामी राहिली. पोराचाही करार आम्ही वाढवला न्हाई. आपलं माणूस आहे हे म्हायती नव्हतं."

सपकारा. या वेळी दाराखालून थोडं पाणीसुद्धा बाहेर आलं.

अध्यक्ष दोन पावलं मागे आले. रुमालानं बूट पुसले आणि मला खिडकीपाशी नेलं. "रणधीर, साहेबांचं काय म्हणणं आहे? खरं सांग."

"त्यांना पाचपर्यंत त्रास देऊ नये, एवढंच."

"ते झालं. तुझ्याबद्दल?"

मी गप्प राहिलो. मोठ्या माणसांपुढं गप्प राहिलं की ती आपल्या गप्प राहण्यातून हवं ते ऐकतात, हे मला त्या चार दिवसांत कळलं होतं. ते ज्ञान मी त्या क्षणी वापरलं. मला माझीच थोडी लाज वाटली. पण थोडीच, ती बशीत मावली असती.

"कळलं," अध्यक्ष म्हणाले. "अण्णा, आजच्या सभेत जादा विषय घ्या. 'मत्स्यालयातील मोरे यांना कायम करणेबाबत.' चार वाजायच्या आत उरकून टाकू. साहेबांना पाचला हारासोबत ठरावाची प्रत द्यायची."

ते गेल्यावर मी टबाच्या कडेला बसलो. "मोरेसाहेब," मी त्याला म्हणालो, "पाचपर्यंत तेवढा दम धरा." त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते होकारार्थी वाटलं.

तीन वाजता लाइट गेली.

हवेचा पंप थांबला. खोलीतला पंखा थांबला. एप्रिलचं ऊन, जाड पडदे आणि टबभर पाणी. मी हणमंतनं आणलेला बर्फ पिशव्यांत भरून पाण्यात सोडला, मग लोट्यानं पाणी वरून ओतत बसलो, म्हणजे तेवढीच हवा. सव्वातीन. साडेतीन. तो तोंड उघडत होता, मिटत होता. तोंडाकडे बघायचं नाही, असं मी स्वतःला बजावत होतो आणि दुसरीकडे बघायची माझी छाती होत नव्हती.

इथं एक भूगोल सांगायला हवा. विश्रामगृह, नगरपालिका आणि मत्स्यालय एकाच आवारात आहेत. गावात लाइट गेली तरी सभा असेल त्या दिवशी नगरपालिकेचा जनरेटर चालतो, अध्यक्षांचा माइक बंद पडायला नको म्हणून. आणि मत्स्यालय त्याच लाइनीवर आहे. म्हणजे दोनशे पावलांवर दहा टबांएवढं गार पाणी होतं, पंप चालू होता. पाणी पुरतं निवळलं नव्हतं, पण मिठाचं माप बरोबर आलेलं मी सकाळीच पाहिलं होतं. फक्त बारा-तेरा किलोचा चावरा अजगर एकट्यानं तिथवर नेता येत नव्हता.

"हणमंतराव, जरा हात लावता?"

हणमंतनं दारातून आत डोकावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याला आश्चर्य वाटलं. तो आला होता त्याच पावलांनी निघून गेला, फक्त उलटा.

पावणेचारला मोरे बाजूला पडला. नक्षी तिरकी झाली आणि पोटाची फिकट कड वर दिसायला लागली.

मी धावलो. पायात चपला नव्हत्या, अंगावर मिठाचं पाणी. नगरपालिकेचा जिना चढून सभागृहाच्या दारात पोचलो तेव्हा माइकवर अण्णांचा आवाज होता.

"विषय क्रमांक एकशे बारा. मत्स्यालयातील मोरे यांना नगरपालिकेच्या आस्थापनेवर कायम करणेबाबत. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर जायला लागले.

मी थांबलो. हे सांगायला नको होतं, पण थांबलो. सदस्य सतरा होते. मी मोजायला लागलो. नऊ. दहा. अकरा. विरोधी बाकावरच्या शैलाताई चौगुल्यांचा हातही वर गेला. त्यांनाही साहेबांचं कळलं असणार. बारा. तेरा. मागच्या रांगेतले तिघे आपसात काहीतरी बोलत होते. त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, एवढंच काम होतं. अण्णा 'सर्वानुमते मंजूर' म्हणाले की मग ओरडायचं. किती वेळ लागला असता? दहा मोजेपर्यंत. आई डोळ्यांसमोर आली, मुलीचे वडील आले, आणि मग ती तिरकी झालेली नक्षी आली.

चौदावा हात वर जात होता.

"साहेब! मोरे मरतोय!"

सभागृहात कुणी हात खाली घेतला नाही. मागच्या तिघांचे हात तर माझ्या ओरडण्यानं दचकून वर गेले.

"मोरेसाहेब?" अध्यक्ष उभे राहिले. "न्हाणीत?"

"बाजूला पडलाय! पाण्यातनं काढून टाकीत न्यायला पाहिजे! दोन माणसं द्या!"

"टाकीत कशाला? दवाखान्यात न्या की!"

पण तोवर सगळे जिना उतरत होते. सतरा सदस्य, अण्णा आणि एक वार्ताहर. न्हाणीघराचं दार मी उघडलं आणि बाजूला झालो.

टबात साडेपाच फूट लांब मोरेसाहेब कुशीवर पडले होते.

"हे मोरे?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"तुमच्यातले?"

"नाही साहेब. मासा आहे. मोरे ईल. अण्णांनी येईल केलं."

अण्णांनी खिशातलं लाल पेन चाचपलं आणि तसंच आत राहू दिलं.

मला वाटलं, आता मी संपलो. पण मगदूमसाहेब टबाकडे बघत राहिले होते. त्या नक्षीवरून त्यांची नजर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेली आणि परत आली. त्यांनी समुद्राची टाकी बांधली होती आणि समुद्रातलं जिवंत काही त्या गावात पहिल्यांदा आलं होतं.

"जिता आहे अजून?"

"आत्ता नेला तर."

"मग बघताय काय! अण्णा, शाल आणा!"

सत्काराची शाल मी टबात बुडवली आणि तिची झोळी केली. एका टोकाला मी, एका टोकाला नगराध्यक्ष, मध्ये विरोधी बाक. मोरेला उचलताना त्याला अचानक शुद्ध आली आणि तोंडासमोर आलेली पहिली वस्तू त्यानं पकडली. तो शालीसोबत अण्णांनी ताटातून उचलून आणलेला हार होता. अण्णा हार सोडेनात, मोरे हार सोडेना. "सोडा अण्णा!" "अहो, कचेरीचा आहे!" अशी आवारातून आमची मिरवणूक निघाली. शेवटी अण्णांनी सोडला. समुद्राच्या टाकीत मोरे गेला तो तोंडात झेंडूचा हार घेऊन. तो तळाला गेला, सिमेंटच्या कपारीत शिरला आणि आतून तोंड बाहेर काढून उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. पाकळ्या वर आल्या.

मी काचेला टेकून खाली बसलो.

संध्याकाळी अध्यक्षांच्या दालनात अध्यक्ष, अण्णा आणि मी.

"ठराव रद्द करा," अध्यक्ष म्हणाले.

"करता ईल," अण्णा म्हणाले. बोलताना ईल म्हणावं, हा स्वतःचा नियम त्यांनी त्या दिवशीही मोडला नाही. "पण कारण लिहावं लागंल. काय लिहू? सतरा सदस्य माशाला भ्याले? वार्ताहर बाहेर बसलाय."

अध्यक्षांनी बाही नाकाशी नेली. तिला अजून माशाचा वास होता.

"साहेब, ठराव तसाच राहू दे," अण्णा म्हणाले. त्यांनी लाल पेन काढलं आणि इतिवृत्तातली ओळ दाखवली. "यात रणधीर कुठं आहे? 'मत्स्यालयातील मोरे' असं आहे. मत्स्यालयात आज मोरे आहे. रणधीरचा करार आजच संपला, म्हणजे तो आता मत्स्यालयातला नव्हे. एक कानामात्रा बदलायची गरज न्हाई. कायम कोण? तर हा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय म्हणणं?"

मी पुन्हा गप्प राहिलो. या वेळी त्यातून त्यांना हवं तेच ऐकू गेलं.

मग जाता जाता ते म्हणाले, "कायम कर्मचाऱ्याला खायला घालायला माणूस लागंल. अकरा महिन्यांचा करार करा याचा."

बाबीकाका बेदाणे घेऊन परत आले तेव्हा मी अजून काचेपुढंच बसलो होतो. त्यांनी कपारीत डोकावून पाहिलं. "बरो आसा. तू मात्र बाजूक पडल्यासारखो दिसतंस."

मुलगी पुढच्याच महिन्यात एका तलाठ्याला दिली. तलाठी कायम होता. माझे तेव्हापासून नऊ करार झाले. अण्णा निवृत्त झाले. रोज सकाळी फिरायला येतात, काचेवर माशाची माहिती लिहिलीय तिच्यात दर वेळी एक नवी चूक काढतात. मोरे पावणेसहा फूट झालाय. आस्थापनेच्या यादीत त्याचा अनुक्रमांक चाळीस आहे. मी सकाळी काचेपाशी गेलो की तो बाहेर तोंड काढतो आणि माझ्याकडे बघत उघडझाप करतो. मीही करतो.

आज सकाळी नवीन मुख्याधिकारी रुजू झाले. त्यांच्या टेबलावर मी हा अर्ज ठेवून आलोय.

प्रति, मा. मुख्याधिकारी, कवठेहरळ नगरपालिका.

विषय : वारस म्हणून नोंद होणेबाबत.

महोदय, मत्स्यालयातील कायम कर्मचारी मोरे (सागरी), मूळ राहणार मालवण, हे अविवाहित असून त्यांना अपत्य नाही. मी त्यांच्याच आडनावाचा आहे, नऊ वर्षं त्यांच्यासोबत राहतो आणि त्यांना रोज जेवू घालतो. तरी त्यांच्या सेवापुस्तकात वारस म्हणून माझ्या नावाची नोंद घेण्यात यावी, जेणेकरून त्यांच्या पश्चात अनुकंपा तत्त्वावर मला त्यांच्या जागी सामावून घेता येईल. त्यांची तब्येत उत्तम आहे व ती तशीच राहावी यासाठी अर्जदार स्वतः झटत आहे. सबब, विनंती घाईची नाही.

सोबत : ठराव क्रमांक एकशे बाराची प्रत, आणि संबंधितांची संमती म्हणून उघड्या तोंडाचा फोटो.

आपला विश्वासू,
र. मोरे (दुसरे)